हिरो दौंडला उतरत नाही

जग वाचवायला निघालेल्या माणसाला तलवारीच्या आधी गाव लागतं. जपानी गेमवाल्यांनी हे पहिल्याच फटक्यात ओळखलं. १९८६ साली आलेल्या 'ड्रॅगन क्वेस्ट' या रोल-प्लेइंग गेममध्ये राजा हिरोला समोर उभं करतो, ड्रॅगनलॉर्डचा नायनाट कर म्हणतो आणि वाटखर्चाला १२० नाणी देतो. गावातल्या दुकानात तांब्याची तलवार १८० ला. म्हणजे राज्य वाचवायचं, पण तलवारीचे साठ कमी. ज्यानं आपल्याकडचे अतिवृष्टीचे पंचनामे आणि त्यानंतर खात्यावर जमा झालेली रक्कम पाहिली आहे, त्याला या राजाचं नवल वाटणार नाही.

त्या राजवाड्याबाहेरचं गाव ही पुढच्या चाळीस वर्षांतल्या सगळ्या गेमगावांची मूळ आई. मुक्कामाला एक धर्मशाळावजा जागा, एक हत्यारांचं दुकान, एक किराणा आणि दहा-बारा माणसं. या माणसांना प्रत्येकी एकच वाक्य पाठ असतं. 'उत्तरेच्या गुहेत राक्षस राहतो हो!' तुम्ही तो राक्षस सकाळीच मारून, त्याचं शिंग पिशवीत घालून समोर उभे असलात तरी तो गृहस्थ तेच सांगणार. आमच्यात असे दोन-तीन माजी पदाधिकारी आहेत, पण अख्खं गावच्या गाव तसं नसतं.

गेम खेळणाऱ्यांत गावांचे प्रकार ठरलेले आहेत आणि प्रत्येकाचं आवडतं गाव वेगळं. कुणाला पहिलं गाव प्रिय, जिथून हिरो निघतो आणि जे बहुधा तासाभरात कुणीतरी जाळून टाकतं. कुणाला बंदर आवडतं, कुणाला देवस्थान, कुणाला धुरानं काळवंडलेली कारखान्यांची नगरी, कुणाला उजाड झालेलं भुताटकीचं गाव. मी शिरूरचा, बहीण दौंडला दिलेली. दोन्ही तालुक्यांत आयुष्य गेल्यामुळे माझं म्हणणं असं की हे सगळे प्रकार बघायला जपानपर्यंत जायची गरज नाही. पुणे-नगर रस्त्यावरून न्हावरा, पारगाव, चौफुला करत खाली उतरलं की एकूण एक भेटतात. फक्त आमच्याकडं हिरो नाही. त्यामुळे गावांना स्वतःची कामं करायला वेळ मिळतो.

पहिली अडचण नावाची. गेममध्ये एका नावाचं एकच गाव. शिरूर म्हटलं की पुढचा विचारतो, कुठलं? कासारचं, अनंतपाळचं की ताजबंदचं? म्हणून आम्ही पत्त्यात कंसात 'घोडनदी' लिहितो. जुनी माणसं तर नुसतं घोडनदीच म्हणतात. तेव्हा ज्याला जग वाचवायचं आहे त्यानं एसटीची पाटी नीट वाचावी. नाहीतर हिरो बीडला आणि राक्षस इकडं.

दुसरी अडचण अशी की गेममध्ये हिरो गावकऱ्यांना प्रश्न विचारतो. शिरूरच्या स्टँडवर हे उलटं चालतं. बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसलेल्या म्हाताऱ्याजवळ जाऊन तुम्ही म्हणा, 'बाबा, उत्तरेच्या गुहेत...'

'कुठलं गाव?'

तुम्ही गाव सांगता.

'कुणाच्यातलं?'

तुम्ही आडनाव सांगता.

'मग मलठणचं ते आहेत बघा, दुधाच्या डेअरीवर, ते तुमचं कोण?'

तुम्ही म्हणता, कोणी नाही. म्हाताऱ्याला हे पटत नाही. एकाच आडनावाची माणसं एकमेकांची कोणी नसतात, ही गोष्ट त्याच्या हिशेबात बसत नाही. तो आजोळाकडून शोध सुरू करतो. अर्ध्या तासानं तुमचं आणि त्याचं कुठून तरी नातं निघतं. तोवर तुमची गाडी गेलेली असते. राक्षसाची चौकशी राहिली ती राहिलीच, पण तुमचा पगार, घर स्वतःचं की भाड्याचं आणि अजून लग्न का नाही, एवढी माहिती त्याच्याकडं जमा झालेली असते. स्टँडवरून बाहेर पडताना तुमच्या लक्षात येतं की या खेळात हिरो तो होता आणि एका वाक्याचं पात्र तुम्ही.

गेमचा हिरो आणखी एक गोष्ट करतो ती मला कधीच रुचलेली नाही. तो परक्याच्या घरात दार न वाजवता शिरतो, कपाटं उघडतो, मडकी फोडतो आणि आतली नाणी खिशात घालतो. घरमालक शेजारी उभा राहून हवामानावर बोलत असतो. 'झेल्डा'त तर मडकी फोडणं हा उपजीविकेचाच मार्ग आहे. ('झेल्डा'ला रोल-प्लेइंग म्हणायचं की नाही यावर खेळणाऱ्यांत जुनी भाऊबंदकी आहे. मी दोन्हीकडच्या जेवणाला जातो.) त्या गेममध्ये न्याय काय तो फक्त कोंबड्या करतात. एकीला फार मारलंत की पन्नास जमून हिरोवर तुटून पडतात. इतकी एकजूट मी आमच्याकडं पतसंस्थेच्या निवडणुकीतही पाहिलेली नाही.

मडक्यांचा विषय निघालाच आहे तर इनामगावला जाऊन यावं. हे शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठावर आहे. १९६८ पासून पुढं कितीतरी हंगाम डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी तिथं उत्खनन केलं आणि इसवी सनाच्या सोळाशे वर्षं आधीपासून सातशे वर्षं आधीपर्यंतचं एक शेतकरी गाव मातीखालून वर काढलं. शंभराच्या वर घरं. गावच्या प्रमुखाचं घर पाच खोल्यांचं, आणि त्याच्या शेजारीच धान्याचं कोठार. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीही गोदामाच्या बाजूला कुणाचं घर असावं हे गावाला बरोबर कळत होतं. नदीचं पाणी शेताला वळवायला पाट होता. म्हणजे पाटपाण्यावरून भांडणंही असणार. तसा पुरावा उत्खननात सापडलेला नाही, पण शिरूर तालुक्यात त्याला पुरावा लागत नाही.

या गावात मडकी फोडत फिरणाऱ्या हिरोची मात्र पंचाईत झाली असती. इनामगावकर आपली गेलेली लेकरं मडक्यांत ठेवून घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्यांनाही घरात किंवा अंगणात पुरत आणि पुरताना पावलं घोट्यापासून तोडत. अभ्यासकांचा तर्क असा की गेलेल्या माणसानं घर सोडून जाऊ नये म्हणून. एकाला तर चार पायांच्या, पोट सुटलेल्या मातीच्या रांजणात बसवलं होतं, आणि त्याची पावलं शाबूत होती. कोणी मोठा माणूस असणार. मोठ्या माणसाला फिरायची मुभा तेव्हापासून आहे. गेममध्ये तोच नागरिक त्याच जागी जन्मभर उभा का राहतो याचं इतकं पक्कं उत्तर मला कुठल्याच गेमवाल्याकडून मिळालेलं नाही.

प्रत्येक गेमगावाच्या चौकात कोणा जुन्या शूरवीराचा पुतळा असतो आणि त्याच्याखाली चावी पुरलेली असते. शिरूरला त्या जागी कर्नल वॉलेसची कबर आहे. शिरूर तेव्हा इंग्रजांची छावणी होती. साहेब १८०९ साली इथं वारले आणि पुढं लोकांनी त्यांना सत्पुरुष करून टाकलं. सुगीला पहिल्या धान्याचा नैवेद्य कबरीला दाखवत, असं जुन्या पुणे गॅझेटियरात लिहिलेलं आहे. साहेब आयुष्यभर ख्रिस्ती राहिले, पण मेल्यावर त्यांना कोण विचारतो? कबरीखाली चावी वगैरे काही नाही. घोडनदीकरांना पीक बरं यावं एवढंच हवं होतं. त्या कामाला साहेब चालतोय म्हटल्यावर त्याची जात, धर्म आणि रेजिमेंट कोणी काढली नाही.

आता देवस्थानाचं गाव. गेममधला नियम असा की मोठ्या राक्षसाच्या आधी देऊळ येतं. तिथं आशीर्वाद घ्यायचा, गेम सेव्ह करायचा आणि मग लढायला जायचं. घाईघाईत देऊळ चुकवलं की राक्षस दोन फटक्यांत आडवा करतो. हा नियम जपानमध्ये निघाला असं ज्यांना वाटतं त्यांनी रांजणगावला यावं. स्थळपुराण असं सांगतं की शंकर त्रिपुरासुराशी लढायला निघाले ते गणपतीला नमस्कार न करता. जमेना. मग परत येऊन गणेशाची आराधना केली आणि त्रिपुर पाडला. दौंडहून भीमा ओलांडली की सिद्धटेक. तिथं विष्णूची हीच कथा. मधु-कैटभ आवरेनात, मग टेकडीवर बसून गणपतीला प्रसन्न करून घेतलं, सिद्धी मिळाली आणि काम झालं. म्हणजे शिरूर आणि दौंड या दोन्हींच्या हाकेच्या अंतरावर थेट शंकर-विष्णूंनी हरलेली लढाई आदल्या मुक्कामापासून परत खेळल्याची नोंद आहे. साध्या हिरोनं नवसाला लाजायचं कारण नाही.

सिद्धटेकला पूर्वी शिरापूरकडून होडीनं जावं लागे. आता पूल आहे. १९८७ च्या पहिल्या 'फायनल फँटसी'त राजकन्येला सोडवून आणल्याशिवाय राजा नदीवर पूल बांधत नाही. आपल्याकडं राजकन्या लागत नाही, आचारसंहिता लागायच्या आधीचे तीन महिने पुरतात.

रांजणगावचा दुसरा अवतार म्हणजे एमआयडीसी. गेममधली कारखान्यांची नगरी नेहमी वाईट असते. 'फायनल फँटसी सेव्हन'मधलं मिडगार घ्या. वर कंपनी, खाली झोपड्या आणि कंपनी पृथ्वीचा जीवनरस उपसून वीज करते. रांजणगावच्या कारखान्यांतून मोटारी, फ्रीज आणि धुलाईयंत्रं बाहेर पडतात. राक्षस एकही नाही. मात्र शिफ्ट सुटल्यावर नगर रस्त्यावर जे होतं ते मी कुठल्याही गेमच्या शेवटच्या टप्प्यात पाहिलेलं नाही. शिक्रापूरचा चौक संध्याकाळी सातला पार करून दाखवावा, मग तलवारीच्या गप्पा माराव्यात.

लोहारकाम, सुतारकाम शिकून हिरो जिथं स्वतःची हत्यारं बनवतो तसं गाव म्हणजे पाबळ. डॉ. कलबागांनी १९८३ साली तिथं विज्ञान आश्रम काढला आणि शाळा सोडलेली पोरं वेल्डिंगपासून शेतीपर्यंत सगळं हातानं करून शिकू लागली. पुढं अमेरिकेतल्या एमआयटीची 'फॅब लॅब' ही वस्तू घडवायची प्रयोगशाळा परदेशात पहिल्यांदा जिथं जिथं गेली, त्यांत पाबळ होतं. त्याच पाबळला मस्तानीची कबर आहे. कारखाना आणि करुण कथा एकाच गावात ठेवायची युक्ती गेमवाले फार वापरतात, पण त्यांना ती लिहून काढावी लागते.

रानात अचानक झडप घालणारं जनावर हाही गेमचा ठरलेला भाग. शिरूर तालुक्यात ते उसातून येतं आणि त्याचं नाव बिबट्या. अलीकडं गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधून रानात जाणाऱ्या माणसांचे फोटो पेपरात आले. यावर मला विनोद सुचत नाही.

दौंड तालुक्यात उतरलं की खाण्यापिण्याची गावं लागतात. गेममध्ये धर्मशाळेत ठरावीक नाणी मोजली की एका रात्रीत सगळ्या जखमा भरून येतात. हिरोबरोबर पार्टीत फार तर आणखी तिघं. पहिल्या 'फायनल फँटसी'त चौघांवर पाचवा घेतच नाहीत. यवतच्या बायकांना हा हिशेब सांगावा. आषाढी वारीत तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून यवतला येते, तेव्हा पार्टीत माणसं किती हे मोजायच्या भानगडीत कोणी पडत नाही. गाव पिठलं-भाकरी रांधतं, घराघरातून भाकऱ्या येतात, आणि जो येईल तो जेवतो. नाणं घेत नाहीत. दुसऱ्या दिवशी पालखी वरवंडला. मी गेमवाला असतो तर यवतचं पिठलं प्रकृती पूर्ण भरून काढणाऱ्या औषधांत टाकलं असतं. पचनाची जोखीम मात्र खेळाडूची.

पुढं चौफुला. गेममध्ये प्रत्येक गुत्त्यात एक भाट असतो. हातात तंतुवाद्य आणि तेच ते गाणं. 'विचर'मधला भाट तर हिरोच्या जिवावर जगप्रसिद्ध होतो. चौफुल्याला कला केंद्रं आहेत, ढोलकी आहे, आणि लावणी करणाऱ्या बायका समोरच्याची नस तो बसायच्या आत ओळखतात. तिथं राक्षस मारल्याच्या बढाया चालत नाहीत. इथं आलेला प्रत्येक जण घरी काहीतरी मारूनच आलेला असतो, निदान थाप.

पहारेकऱ्यांबद्दल एक सांगायला हवं. गेमगावाच्या वेशीवर एक भालेवाला असतो. 'स्कायरिम'मधले पहारेकरी तर गुडघ्यात बाण लागल्याचं रडगाणं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात आणि त्यावर जगभर विनोद झाले. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत, पाच आणि सात. पहाटे रस्त्यावरून धावणारी ती रांग पाहिली की गुडघ्याचा विषय कोणी काढत नाही. पण पहारेकऱ्यांच्या बाबतीत मला सर्वांत जवळचा वाटतो तो १९९६ चा 'पोकेमॉन'. त्यातल्या एका शहराच्या चारही वेशींवर पहारेकरी वाट अडवतात. कारण एकच, घसा कोरडा पडलाय. तुम्ही शेजारच्या गावातून थंड पेय आणून पाजलं की वाट मोकळी. एकाला पाजलं की चौघांचं भागतं. हे जपान्यांना कुणी शिकवलं, याची चौकशी व्हायला हवी.

आता माझं आवडतं गाव. मला मधलं गाव आवडतं. जिथं कथेत काही घडत नाही, राजा राहत नाही, राक्षस येत नाही. पण तिथं थांबल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. आणि या प्रकारात दौंडच्या तोडीचं गाव मी कुठल्या गेममध्ये पाहिलेलं नाही. अर्ध्या महाराष्ट्रानं दौंड पाहिलं आहे आणि त्यातलं कोणीही दौंडला गेलेलं नाही. १८७८ साली मनमाडचा फाटा निघाला तेव्हापासून इथं गाड्या बदलणं, इंजिन बदलणं आणि बेत बदलणं चालू आहे. पुण्याहून नगर-मनमाडकडं जाणारी गाडी दौंडात शिरे, पुढचं इंजिन सुटे आणि मागच्या टोकाला इंजिन लागे. मग गाडी आली त्याच दिशेनं परत निघे. पहिल्यांदा जाणाऱ्या बाई हमखास उठून उभ्या राहत, 'अहो, गाडी पुन्हा पुण्याला चालली!' आणि कोपऱ्यातला एक जण डोळे न उघडता म्हणे, 'दौंड आहे. बसा.' एका वाक्याचं पात्र इतकं उपयोगी मी दुसरं पाहिलेलं नाही.

इंजिन बदलायच्या त्या पंधरा-वीस मिनिटांवर दौंडचा फलाट जगला. चहा, वडे, पाण्याच्या बाटल्या, उतरून आळस देणारे बाप आणि खिडकीतून 'चढा आता!' ओरडणाऱ्या आया. जुन्या गेममध्येही हेच होतं. 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये खेळ सेव्ह करायचा तर राजाकडं परत जावं लागे, म्हणून गावाशी ओळख राहायची. मग नकाशावर बोट ठेवलं की हिरो क्षणात तिथं, अशी सोय निघाली. गावं दिसायला देखणी झाली आणि त्यांत थांबायचं कारण संपलं. ही सोय गेममधली सगळ्यात मोठी चूक आहे, असं मी अनेक वर्षं म्हणतो आहे आणि तीच सोय वापरतो आहे. आमच्याकडंही ती आली. दौंडला कॉर्ड लाइन झाली, आता मनमाडच्या कितीतरी गाड्या जंक्शनात न शिरता बाहेरच्या बाहेर वळतात. शिरूरला बायपास झाला. नगरला जाणाऱ्याला घोडनदीत काय मिळतं हे कळायचं कारण उरलं नाही. वडेवाल्यांचं नुकसान झालं हे खरं. पण दोन्ही गावांनी त्याचं सुतक धरलं असं म्हणता येणार नाही. दौंडात प्लॉटचे भाव कमी झालेले नाहीत.

माझा भाचा कॉम्प्युटरवर स्वतःचा एक गेम बनवतोय, त्यात दौंड आहे. परवा त्यानं घरात सगळ्यांना दाखवला. चांगला बनलाय. फलाट आहे, नदी आहे, हत्यारांच्या दुकानात ऊसतोडीचा कोयता आहे. बहिणीनं चष्मा लावून सगळं गाव नीट पाहिलं.

'मंगल कार्यालय कुठाय?' तिनं विचारलं.

'आई, यात लग्न नसतं.'

'मग हा एवढा बाप्या तलवार घेऊन फिरतोय, हा करतो काय?'

'जग वाचवतो.'

'पर्मनंट का कंत्राटी?'

भाच्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, 'लिही. स्टँडवरच्या म्हाताऱ्याला हेच वाक्य दे.'

'मामा, पण हिरोनं उत्तर काय द्यायचं?'

बहीण तोवर स्वयंपाकघरात गेली होती. तिथूनच म्हणाली, 'कंत्राटी असला तर आधी शेती किती ते विचार.'